कॉम्प्युटरमधली अर्धी भट्टी

गेल्या मंगळवारी बॉयलर हाऊसमध्ये माझी चांगलीच जिरली... आणि बरंच झालं.

मी डिस्टिलरीत बॉयलर ऑपरेटर. गाव पाटणकडचं, शिक्षण आयटीआय. आमच्या सांडपाण्यातून गॅस निघतो. तो आम्ही उघड्यावर जाळून टाकायचो आणि बॉयलरला कोळसा विकत आणायचो. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून तीन वर्षं ड्युटी संपवून फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकलो... कोळसा आणि गॅस एकाच भट्टीत एकत्र जाळले तर ज्वाळा कशी वागेल, याचं सिम्युलेशन. क्लास नाही, गुरू नाही.

शनिवारी खऱ्या भट्टीत कोळशाबरोबर गॅस सोडून बघायची चाचणी ठरली. साहेबांनी बजावलं होतं, संधी एकच. काळा धूर दिसला की गॅसचा विषय बंद.

मंगळवारी मोठ्या ऐटीत अण्णांना स्क्रीन दाखवली. अण्णा म्हणजे आटपाडीचे, आमचे सगळ्यात जुने फायरमन. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ही आपलीच भट्टी हाय व्हय रं?"

"मग कुणाची, अण्णा?"

"न्हाई, लय देखणी दिसतीया म्हणून इचारलं. आपली डावीकडनं काळवंडती गड्या. चिकट राख बी तिकडंच धरती. तुज्या ह्यात दोनी बाजू सारख्याच!"

मला राग आला. सारख्या असणारच! गणित लवकर सुटावं म्हणून मी भट्टीचा उजवा अर्धा भागच मांडला होता. डावा कॉम्प्युटरने आरशासारखा उलटा करून दाखवला होता. ड्रॉइंगमध्ये दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत...

तरी हवेचा दाब मोजला. डावीकडे उजवीच्या निम्मासुद्धा नव्हता. बुधवारी बॉयलर थांबवून बघितलं, तर डावीकडच्या हवेच्या झडपेचा दांडा बाहेरून 'पूर्ण उघडा' दाखवतोय, आणि आतली पाती पिन तुटून अर्धवट मिटलेली. एवढ्या कमी हवेत तिथे गॅस सोडला असता तर नुसत्या काळ्या धुरावर भागलं नसतं, न जळलेला गॅस साचून भडका उडाला असता.

पिन बदलली. आता अर्ध्या भट्टीचं गणितही चाललं असतं. पण मन मानेना. दोन्ही बाजूंची हवा पुन्हा मोजली, तर डावीकडे अजूनही जराशी कमीच. मग पूर्ण भट्टी मांडली आणि कॉम्प्युटरला टेबल फॅन लावून बसलो. शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं... डावीकडे गॅस थोडा कमीच ठेवायचा.

शनिवारी तसाच ठेवला. तासभर मी चिमणीवरून नजर हलवली नाही. काळा धूर नाही! साहेब म्हणाले, "चालू राहू दे." अण्णांनी डावीकडच्या काचेतून आत डोकावलं आणि एवढंच म्हणाले, "आता जळतंय म्हणायचं."

स्वतः शिकलो याचा मला अभिमान आहे, आणि राहणार. पण अख्खी डावी बाजू मी न बघताच खरी मानली होती. यापुढे मोजल्याशिवाय एकही आकडा भरणार नाही.

अण्णांचा फोन साधा आहे, ही पोस्ट त्यांना दिसायची नाही. तोंडावर आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "आभार ऱ्हाऊ द्या इंजिनेर सायेब, कोळसा वला आलाय त्यो बघा आधी."