डबे खाली ठेवा

धम्मशीला मेहकरकडच्या खेड्यांत स्कूटीवर फिरते. ज्या घरी स्वमग्न मूल आहे तिथे जायचं, आईबापाला आणि शेजाऱ्यांना ते मूल समजावून सांगायचं, हे तिचं काम. लोक तिला 'वेड्यांची मॅडम' म्हणतात. ती उलट उत्तर देते आणि पुढच्या घरी जाते.

त्या दुपारी ती काजलच्या दारात उतरली तर घर उघडं आणि गाव शेतात. काजलची सात वर्षांची समता बोलत नाही, हाकेला वळत नाही. ती डोळा चुकवून शेजारच्या शेषरावांच्या तुरीत शिरली होती. तूर उभी, दाट. पलीकडच्या धुऱ्याला, बांधालगतच, विहीर, तिला कठडा नाही.

आणि माणसं काय करत होती? रानडुकरं हाकलायला करतात तेच. अलीकडच्या धुऱ्यावर ओळीनं उभी राहून डबे बडवत होती, आरोळ्या देत होती. म्हणे, पोरगी बाहेर निघेल. निघाली असती, थेट विहिरीकडे.

"डबे खाली ठेवा," धम्मशीला म्हणाली. कोणी ऐकेना. तिनं शेषरावांच्या हातातला डबाच ओढून घेतला.

"पोरगी हरपली अन् आमी मुकाट बसाव काय, मॅडम?"

"हाव. आवाजाले भेते ते, काका. तुमी बडवता, ते दूर पळते. तिकडं विहीर कोणाची हाय?"

शेषराव मटकन खाली बसले. ओळ गप्प होत गेली.

"अन् पडली तं?" काजलचे सासरे भाऊराव म्हणाले.

"तं माह्या नावानं बोंबला, आबा. आता नोका." मग काजलकडे वळून, "पाखडताना ते तुह्याजवळ बसते ना? सूप आण. विहिरीजवळ बस अन् पाखड. हाक मारू नको."

काजल विहिरीकडे पाठ करून बसली. धम्मशीला शेषराव आणि भाऊरावांना घेऊन शेताच्या कोपऱ्यावर थांबली. सुपात ज्वारी सळसळत होती, बाकी सगळं चिडीचूप. मधेच तूर हलली. काजलचा हात थबकला, सूप थांबलं. तूरही थांबली. धम्मशीलाला ओरडायचं होतं, आणि तेवढंच करता येत नव्हतं.

सूप पुन्हा हललं.

समता बाहेर आली, आईजवळ बसली आणि ज्वारीत हात घातला. भाऊरावांनी तोंड उघडलं तसा शेषरावांनी त्यावर हात दाबला.

काजल एका हातानं सूप हलवतच राहिली. दुसऱ्या हातानं तिनं समताच्या फ्रॉकचं टोक मात्र धरलं, ते असं की घरी गेल्यावरही तिची मूठ सुटेना.