होडीच्या रांगेवरची सावली

पडदेवाल्यांना कुठल्याही खोलीत नेलं की ते आधी खिडकीकडे बघत, माणसांकडे मागाहून. ऊन कुठून येतं, दुपारी कुठवर सरकतं, कोणाच्या उशीवर पडतं, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. जन्मभर दुसरं केलं काय त्यांनी? पडदे शिवले, अस्तरं लावली, शिडीवर चढून दांड्या ठोकल्या आणि लोकांच्या घरातलं ऊन अडवून स्वतःचं घर चालवलं. गल्लीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. पडदेवाले म्हटलं की काम झालं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, कपाळ! त्यांची बायकोही त्यांना पडदेवालेच म्हणायला लागली. आपला नवरा पडदे शिवतो, अशा अर्थानं नव्हे. पडदे लावायला घरात आलेला कोणी परका माणूस, अशा अर्थानं. तिच्या डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि वर 'काळजी घ्या' म्हणून सांगितलं. घेत होतेच की बिचारे! दुकान बंद करून, शिलाई मशीन घरात आणून, तिच्या खुर्चीसमोर बसून चोवीस तास दुसरं काय करत होते?

सकाळी ते चहा घेऊन आले की ती अंगावरची शाल सारखी करायची आणि जरा सावरून बसायची.

"झालं का माप घेऊन? किती वेळ लावता हो! आमचे हे येतील एवढ्यात."

"झालंच, वहिनी," पडदेवाले म्हणायचे.

हो, वहिनी! सुरुवातीला त्यांनी फार समजावून पाहिलं. अगं, मीच तुझा नवरा, हा बघ आपला फोटो, ही आपली मुलगी. ती घाबरून दाराला कडी लावून घ्यायची. मग लेकीनंच सांगितलं, "बाबा, वाद घालू नका. ती म्हणेल ते खरं." तेव्हापासून ते स्वतःच्या घरात कारागीर म्हणून राहू लागले. बायकोला वहिनी म्हणू लागले. ती पडद्याला नावं ठेवायची, झालर वाकडी आहे म्हणायची, आणि हे मान खाली घालून "बदलून देतो" म्हणायचे. कोणाच्या वाट्याला असं येऊ नये.

ती त्यांना ओळखायची ती फक्त एका ठिकाणी. होडीत.

गावाबाहेर एक मोठं थीम पार्क होतं. आकाशात फेकणारे पाळणे, उलटे टांगणारे झोपाळे, किंकाळ्यांचा नुसता कल्लोळ. त्याच्या पार मागच्या कोपऱ्यात मात्र एक जुना, अरुंद कालवा होता. पाण्याखालच्या साखळीला अडकवलेल्या होड्या त्यातून हळूहळू फिरायच्या. काठावर प्लास्टरचे प्राणी. पाणघोड्याचा एक कान उडालेला, जिराफाचा रंग पोपडे धरलेला. मध्येच एक अंधारी गुहा. लेक लहान असताना तिघं तिथे जायची आणि तिला दुसरं काही नको असायचं, होडीच हवी असायची.

आजारपणात एकदा, घरात बसून जीव गुदमरतो म्हणून, पडदेवाले बायकोला तिथे घेऊन गेले. होडी गुहेत शिरली. अंधार झाला. आणि त्या अंधारात तिनं त्यांची बाही घट्ट धरली. "अहो, हात आत घ्या ना. खरचटेल."

अहो!

पडदेवाले हमसून हमसून रडले. होडी बाहेर उजेडात आली तरी ती तशीच बसलेली, त्यांना चिकटून. पोरीला भूक लागली असेल म्हणाली. तुम्ही फार वाळलात म्हणाली. पायऱ्यांशी उतरून थोडं चालल्यावर तिचा हात सुटला, चेहऱ्यावर पुन्हा ते परकेपण आलं आणि ती म्हणाली, "तुम्ही कोण हो?" पण तेवढा वेळ मिळाला होता. दुसऱ्या खेपेलाही मिळाला. तिसऱ्या खेपेला पडदेवाल्यांनी वर्षाचा पासच काढला.

गल्लीत हसू झालं. म्हातारपणी पाळण्यात बसायचे डोहाळे लागले म्हणून लोक बोलले. बोलू देत! ज्याच्या घरात जळतं त्यालाच ठाऊक.

अडचण एकच होती, ऊन. होडीची रांग उघड्या सिमेंटवर लागायची. ना झाड, ना छप्पर. लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नाही, तापलेल्या तव्यासारखा. कडेला कुंड्या होत्या, त्यांत वाळून कोळ झालेल्या काड्या. होड्या सारख्या बंद पडायच्या आणि रांग जागची हलायची नाही. पडदेवाले छत्री धरायचे, तर बायको ती ढकलून द्यायची. परक्या माणसाच्या छत्रीखाली कशी उभी राहू, लोक काय म्हणतील, म्हणायची. हे आपले हात लांब करून, स्वतः उन्हात राहून, तिच्या डोक्यावर छत्री धरायचे. तरी एका दुपारी ती त्या सिमेंटवर कोसळली. ओठ पांढरे, डोळे मिटलेले.

लेक दवाखान्यात धावत आली. आईला सलाईन लावलेलं बघून तिनं बापाला चांगलंच फैलावर घेतलं.

"बाबा, बास झालं. तिथे सावली होत नाही तोवर आईला न्यायचं नाही. माझी शपथ आहे."

पडदेवाले सलाईनच्या बाटलीकडे बघत हिशेब करत राहिले. सावली नाही तर होडी नाही. होडी नाही तर 'अहो' नाही. मग उरलं काय आयुष्यात? वहिनी!

त्याच सुमाराला पार्कच्या चाहत्यांची सभा भरली. असं एक मंडळ होतं, हो. वर्षाचा पास घेणारी, पार्कवर जीव टाकणारी हौशी मंडळी. पार्कमध्ये सुधारणा करायच्या आहेत, तुमच्या कल्पना सांगा, सगळ्यात चांगली कल्पना प्रत्यक्षात आणू, असं पार्कच्या मॅनेजर बाईंनी जाहीर केलं होतं. चाहत्यांना काय, तेवढंच पाहिजे होतं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी डायनासोरचे दात चुकीचे बसवलेत यावर मोठं भाषण ठोकलं. एका तरुणाला सगळे 'पोटात गोळा' म्हणायचे, कारण त्याची मागणी नेहमी एकच, पाळणा अजून उंच करा. एका बाईंना भुताच्या घराभोवती खरं रान हवं होतं, वाट चुकावी असं. कोणी वेलींची कमान मागितली, कोणी गार पाण्याचे फवारे, कोणी बोलणारं झाड. आपल्या घरात खिळा ठोकायचा कंटाळा करणारी माणसं, पण पार्क म्हटलं की कल्पना कशा ऊतू जात होत्या!

पडदेवाले उठले. जन्मात कधी माइक धरला नव्हता. तो त्यांनी उलटा धरला, लोक हसले, डॉक्टरांनी सरळ करून दिला.

"मला उंच काही नको," ते म्हणाले. "होडीच्या रांगेवर सावली द्या. तिथे ऊन थेट अंगावर येतं. म्हातारी माणसं उभी असतात, कडेवर पोरं घेतलेल्या बाया असतात. माझी बायको तिथे पडली. तिथे मोठं छत घाला, वेली चढवा, बाकडी टाका. माणसाला थांबावंसं वाटेल असं करा. एवढंच."

मग टाळ्या, नुसता कडकडाट. 'पोटात गोळा'सुद्धा उठून उभा राहिला. मॅनेजर बाईंनी डोळे टिपले आणि पडदेवाल्यांचा फोटो काढून घेतला. कल्पना ठरली!

काय सांगावं त्या दिवसाचा आनंद! पडदेवाले घरी येऊन बायकोपुढे बसले आणि म्हणाले, "वहिनी, सावली होणार आहे. छान गार."

"पडदे लावताय वाटतं," ती म्हणाली.

"हो, तसंच समजा."

पार्कचा तो कोपरा पत्रे मारून बंद झाला. काम सुरू झालं. आतून ठोकाठोकी ऐकू यायची. पडदेवाले बाहेरच्या फाटकापाशी जाऊन ऐकत उभे राहायचे आणि समाधानानं घरी यायचे. आत डोकावून का बघितलं नाही, असं लेकीनं पुढे एकदा विचारलं. कशाला बघतील? त्यांच्या धंद्यात माप एकदा दिलं की माणूस निर्धास्त असतो. इकडे बायको दिवसेंदिवस खालावत होती. आता ती घासही त्यांच्या हातून घेईना. परका माणूस भरवतोय म्हणून तोंड फिरवायची, लेक आली तरच जेवायची. पडदेवाले मनात म्हणायचे, थोडं थांब गं. एकदा होडीत बसलीस की माझ्या हातून खाशील.

उद्घाटनाला लेकीनं गाडी आणली. आईला मागे बसवलं. शपथ मोडायचा प्रश्नच नव्हता, सावली झाली होती. पडदेवाल्यांनी धुवट सदरा घातला होता, डब्यात तिच्या आवडीची खीर घेतली होती. होडीत भरवायची म्हणून.

कोपऱ्यावर वळले आणि पाहतच राहिले. काय सुंदर छत होतं! उंच खांब, त्यावर वेली चढवलेल्या, पानापानांतून झिरपणारा हिरवा उजेड. खाली गुळगुळीत फरशी, रुंद बाकडी, एका बाजूला आइस्क्रीमचं दुकान. माणसं पाय सोडून निवांत बसली होती. अगदी त्यांनी मागितलं होतं तसं. आणि त्या फरशीखाली कालवा बुजवलेला होता. होड्या नव्हत्या. गुहा नव्हती. पाणघोडा नव्हता. काही म्हणजे काही नव्हतं.

मॅनेजर बाई हसत पुढे आल्या. "या काका! आवडलं ना?"

"होड्या?" पडदेवाल्यांच्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

"त्या काढल्या हो. रोज बंद पडायच्या, त्यामुळेच तर रांग लागायची. तुम्हीच म्हणालात, रांगेत लोकांना त्रास होतो. आता रांगच नाही! आणि एवढं मोठं छत घालायला दुसरीकडे जागा कुठे होती?"

"बाई, मी सावली मागितली होती." पडदेवाले म्हणाले. "पडदा मागितला म्हणून कोणी खिडकी बुजवतं का?"

बाईंना कळलं नाही. वाईट नव्हत्या हो त्या, हीच तर रड आहे. त्यांना खरंच वाटत होतं की आपण चांगलं केलं. "काका, पुढे कधी होडी करायची झाली तर बघू," असं काहीसं म्हणून त्या दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या. लेकीनं बापाचा दंड धरला.

आणि तेवढ्यात आईनं विचारलं, "होडी कुठाय?"

ती इकडेतिकडे बघत चालत एका खांबापाशी गेली. खांबावर फलक होता आणि फलकावर फोटो. वाचता तिला अजून येत होतं. एकेक अक्षर लावत तिनं मोठ्यानं वाचलं, "आमच्या एका चाहत्याची कल्पना." मग फोटोकडे निरखून बघत राहिली.

"यानं काढली होय होडी? मेल्याला दुसरं काही सुचलं नाही? पोराबाळांची होडी ती! याचं कधी भलं व्हायचं नाही, सांगून ठेवते."

"आई, अगं काय बोलतेस, ते—" लेकीला रडू फुटलं.

पडदेवाल्यांनी हातानंच तिला गप्प केलं.

"ओळखता का हो तुम्ही याला?" तिनं त्यांना विचारलं.

"नाही, वहिनी."

ती बाकड्यावर जाऊन बसली. छताखाली खरोखरच गार होतं. तिच्या कपाळावरचा घाम सुकला. पडदेवाले तिच्या शेजारी टेकले, डब्याचं झाकण काढलं, चमच्यानं खीर ढवळली आणि चमचा तिच्या तोंडापाशी नेला. होडी नसली म्हणून काय झालं, जागा तर तीच आहे, असं त्या वेड्या जीवाला वाटलं असेल.

तिनं तोंड फिरवलं. मग पिशवी उचलून दोघांच्या मध्ये ठेवली.

"इथे नका बसू. ही जागा धरून ठेवलीय मी. आमचे हे यायचेत."

"बरं," पडदेवाले म्हणाले. डबा बंद करून ते उठले.

"ऐका ना," तिनं मागून हाक मारली. आवाज एकदम मऊ झाला होता. "तुम्ही बाहेर जाताच आहात तर जरा बघाल? उंच आहेत, खांद्यावर मापाची पट्टी असते. उन्हात शोधत फिरत असतील मला. दिसले तर म्हणावं, मी इथे सावलीत बसलेय."

"सांगतो," पडदेवाले म्हणाले आणि छताबाहेर जाऊन उभे राहिले.