कोरडे मोजे

वाचनालयात समोर बसलेले फौजेतले निवृत्त हवालदार वाचता वाचता फिसकन हसले. त्यांच्या हातातली ती कादंबरी मी कालच वैतागून परत केली होती. युद्धात प्रेमात पडलेल्या दोन सैनिकांची गोष्ट. प्रेम कसलं, नुसता अत्तराचा फवारा! तोफा धडाडताहेत आणि हे दोघे बर्फातल्या खंदकात बसून चांदणं बघताहेत. कुणाला साधा खोकला नाही की अंगाला घामाचा वास नाही. शेवटी एकाला गोळी लागते. ती शत्रूची नव्हेच, लेखकाची. दोन पुरुषांना एका घरात म्हातारं होऊ द्यायची याची छाती नाही, म्हणून एकाला हुतात्मा करून मोकळा झाला.

"काय हसताय, काका?"

"अहो, एवढ्या बर्फात यांचे मोजे कोरडे कसे? आमचे कायम ओले. मी त्याचे पोटाशी धरून वाळवायचो, तो माझे."

"तो म्हणजे?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. फाटकापाशी एक म्हातारा भाजीची पिशवी घेऊन चिडून घड्याळ बघत होता.

"निघतो," पुस्तक मिटत हवालदार म्हणाले, "उशीर झाला की जेवायला वाढत नाही."