चाळीस पावलांवरून दिसणारी खूण

येडशीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला प्रेमानंद पेंटरचं पत्र्याचं दुकान आहे. त्यावर त्याच्या नावाची पाटी नाही. कुणी विचारलंच तर तो रस्त्यावरच्या पाट्यांकडं बोट करतो, "ह्या काय मग? ह्या माझ्याच की." फ्लेक्स आल्यापासून बोट करायला पाट्या कमी उरल्या, पण बोट ताठच आहे.

अक्षर तो कुठल्या वर्गात शिकला नाही. स्टेशनच्या पिवळ्या फळीवरची काळी अक्षरं लहानपणी कोळशानं शाळेच्या भिंतीवर उतरवली, त्यासाठी मार खाल्ला, पुन्हा उतरवली. पुढं तुळजापुरात एका पेंटरकडं दोन वर्षं नुसते ब्रश धुतले. तिसऱ्या वर्षी त्या माणसानं त्याच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाला, "आधी श्वास धर, मग रेघ ओढ." प्रेमानंद आजही रेघ ओढताना श्वास धरतो. रेघ संपली की मग सोडतो. बघणाऱ्याचाही श्वास तेवढा वेळ अडकतो.

त्याच्या कामाची एक रीत साऱ्या येडशीला ठाऊक आहे. पाटी झाली की ती गिऱ्हाइकाच्या आधी त्याच्या आईला दाखवायची. जाईबाई ऐंशीच्या घरातली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, सकाळी बुद्धवंदना म्हटल्याशिवाय चहाचा घोट नाही. तिला वाचता येत नाही, आणि प्रेमानंदला तेच हवं असतं. पाटी दुकानाला टेकवायची, आईचा हात धरून रस्ता ओलांडायचा, चाळीस पावलं मोजून तिला कडुलिंबाखाली उभं करायचं आणि विचारायचं, "आई, हे कुणाचं?"

"दातवाल्याचं," ती म्हणायची. किंवा "गिरणीचं." नाव बरोबर आलं की पाटी पास. ती अडखळली तर पाटी परत फळकुटावर. वाचता न येणाऱ्या बाईला लांबून कळलं तर ते कुणालाही कळेल, असा त्याचा हिशेब. आईनं न बघितलेली एकही पाटी त्याच्या दुकानातून गेलेली नाही.

त्याची मुलगी दीक्षा धाराशिवला कॉलेजात आहे. तिनं आणि तिच्या तिघा मित्रांनी एक रॉक बँड काढला. दीक्षा ड्रम वाजवते, बंडप्पा खतवाल्याचा नंदीश गिटार वाजवतो. नाव ठेवलं 'बालाघाट'. कॉलेजच्या महोत्सवात त्यांचा कार्यक्रम ठरला आणि बँडचा लोगो शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा, असा निरोप आला. तोच लोगो मोठ्या ड्रमच्या तोंडावरही रंगवायचा होता.

नंदीशनं मोबाईलवर एक बनवूनच आणला होता. कवटी, तिला पंख, खाली ज्वाळा.

"काका, भारी हाय ना?"

प्रेमानंदनं ती कवटी प्लायवर मोठी उतरवली आणि आईला रस्त्यापलीकडं नेलं.

"हे कुणाचं?"

"बंडप्पाच्या दुकानाचं," जाईबाई लगेच म्हणाली. "उंदराचं औषध."

दीक्षा हसून हसून खाली बसली. नंदीश खाली मान घालून म्हणाला, "आमच्या डब्यांवर हेच असतं खरं."

मग प्रेमानंदनं गिटार काढली. जाईबाई म्हणाली, "भाजीवालीचं. दुधी भोपळा." मग डोंगर आणि त्यामागं सूर्य. "बचत गटाचं," ती म्हणाली, "असल्या डोंगराचं पासबुक शेजारच्या द्वारकाबाईकडं बी हाय."

गुरुवार उजाडला. दीक्षा दुकानात आली, पत्र्याच्या डब्यावर बसली आणि एका दमात म्हणाली, "पप्पा, हलगी काढा."

प्रेमानंदचा ब्रश थांबला.

"आमचा ठेका तोच हाय. गिटार कसली बी असू दे, खाली हलगीच वाजती. मी व्हिडिओ बघून बघून ड्रमवर बसवलीय. लोक त्यालाच नाचत्यात."

"या घरात हलगी येत न्हाय," तो म्हणाला. "तुला ठाव हाय."

तिला ठाऊक होतं. पिराजी, म्हणजे प्रेमानंदचा बाप, तरुणपणी गावाची हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचंच, दाराबाहेर उभं राहायचं आणि शिळी भाकर पदरात घेऊन यायचं. धम्म घेतल्यावर त्यानं ती सोडली. गावानं एक सुगी त्याला काम दिलं नाही. तरी त्यानं हलगी चुलीत घातली, आणि नव्यानंच नांदायला आलेल्या जाईबाईनं त्या जाळावर भाकरी भाजल्या. पुढं कधी गल्लीतून हलगीचा आवाज आला की पिराजी लेकरांना आत घेऊन दार लावायचा. प्रेमानंदनं बारा वर्षांचा असताना एकदा वरातीचं चित्र काढलं, हलगीसकट. बापानं ते बघितलं, मारलं नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "चित्रात सुदीक न्हाय, पेमा. शब्द दे." प्रेमानंदनं शब्द दिला. पिराजीला जाऊन आता दहा वर्षं झाली, शब्द तसाच होता.

"मला आवडती म्हणून वाजवते मी," दीक्षा म्हणाली.

"तुला आवडती. त्याला वाजवावी लागायची."

"तेच तर म्हणतेय मी, पप्पा."

त्यानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. तिनं फार ताणलं नाही. उठून गेली.

दुपारी लाईट गेली, रस्ता सुनसान झाला. प्रेमानंदनं नवी प्लाय घेतली, दोरीला खडू चोळून रेघ मारली आणि खिळ्याला दोरी बांधून एक गोल फिरवला. मधे दोन काड्या. खाली 'बालाघाट'. पोरीच्या तोंडचं ऐकून हात चालत गेला आणि संपल्यावर त्यानं दाराकडं बघून घेतलं. शब्द तर मोडला होताच. पण खरी भीती वेगळी होती. दाखवली तर आईला त्या चुलीचा जाळ पुन्हा दिसणार. न दाखवावी, तर तिच्या नजरेखालून न गेलेली पहिली पाटी ही असणार, आणि तीही पोटच्या पोरीची. त्यानं प्लायवर पोतं टाकलं.

शुक्रवारी सकाळी दीक्षानं विचारलं, "आज्जीला दाखवलं?"

"ह्या खेपेला राहू दे. फोटो काढ अन् पाठवून दे."

दीक्षानं मोबाईल काढला नाही. प्रेमानंदनं दोन मिनिटं डबे इकडचे तिकडं केले. मग उठला, पोतं ओढलं, घरात गेला. जाईबाईची वंदना नुकतीच झाली होती, मेणबत्ती अजून जळत होती, चहा चुलीवर होता.

"आई, चल जरा."

"चहा?"

"आल्यावर."

चाळीस पावलं. कडुलिंब. जाईबाई वळली आणि तिनं बघितलं. प्रेमानंदनं बघितलं ते आईच्या तोंडाकडं. नेहमीचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

"विचार की," ती म्हणाली. "रोज विचारतोस."

"आई, हे... कुणाचं?"

नाव सांगायच्या जागी ती अडखळली. मग म्हणाली, "काढली कुणी?"

"म्या."

"वाजवणाऱ्याच्या पोटचा दिसत न्हाईस. दोन्ही काड्या सारख्या?"

प्रेमानंदला काही कळेना. जाईबाईनं त्याचा हात सोडला, एकटीच रस्ता ओलांडून दुकानापाशी आली आणि दीक्षाला पुढं बसवलं. प्रेमानंद मागोमाग आला.

"तुला वाजवायला कोण लावतं गं?"

"कुणी न्हाय, आज्जे."

"वाजवताना कुठं उभं करत्यात?"

"उभं न्हाय, मी बसते. स्टेजच्या मधोमध. लोक खाली उभे."

"अन् एखाद्या दिशी न्हाय वाजवली तर?"

"न्हाय वाजवली तर काय? घरी येईन. परीक्षा हाय पुढं."

"न्हाय वाजवली तर घरी येईन म्हणती," जाईबाई स्वतःशीच म्हणाली, आणि मग लेकाला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणाली. डोळ्याला पदर लावला, पण हसत होती. "तुझ्या बापाला एवढंच पायजे व्हतं, पेमा. दुसरं काय बी न्हाय."

मग तिनं कोपऱ्यातल्या खराट्याची एक लांब काडी मोडून घेतली आणि दुसऱ्या हातात एका आखूड ब्रशचा जाड दांडा. "ही जाड, आखूड. ही बारीक, लांब, वाकणारी. जाडी बोलती अन् बारकी तिला उत्तर देती." रंगाच्या डब्याच्या झाकणावर तिनं चार ठोके दिले. नवी नवरी असताना ऐकलेला, साठ वर्षांत घरात न वाजलेला ठेका त्या म्हाताऱ्या बोटांत जशाचा तसा होता. दीक्षानं बसल्या जागी गुडघ्यावर तो धरला. नंदीश तेवढ्यात आला होता, तो दारातच थांबला.

प्रेमानंदनं काड्या पुसल्या. मन लावून काम करणारा माणूस पुष्कळ ठिकाणी भेटतो, पण स्वतःची चूक आईसमोर आणि लेकीसमोर अशी विनातक्रार पुसणारा क्वचित. जाड काडी त्यानं गोलावर आडवी घातली. मग 'बालाघाट'च्या वरची रेघ धरली, 'ब'पासून 'ट'पर्यंत सरळ नेली, आणि 'ट' संपला तरी ब्रश उचलला नाही. ती रेघ तशीच पुढं काढली, बारीक करत करत वर वाकवली आणि तिचं टोक गोलाला टेकवलं. नाव आणि बारीक काडी एकाच रेघेत आली. सगळं दुकान श्वास धरून होतं. रेघ संपली तेव्हा चौघांनी मिळून सोडला.

"काका," नंदीश हळूच म्हणाला, "कवटी डिलीट केली मी."

"पुन्हा चल," प्रेमानंद आईला म्हणाला.

"आता चाळीस न्हाई जमत. गुडघं दुखत्यात."

"चाळीसच."

तिनं तोंडानं कुरकुर केली आणि पायांनी रस्ता ओलांडला. कडुलिंबाखाली पोचल्यावर कपाळावर हात धरून बघितलं. उन्हात ओला रंग चमकत होता.

"आई, हे कुणाचं?"

या खेपेला ती अडखळली नाही.

"दीक्षीचं," जाईबाई म्हणाली. "गावाचं न्हाय. दीक्षीचं हाय. चल आता, चहा आटून गेला असंल."