मऊ भाकरीचं वजन

आमच्या फोल्डिंग खात्यात दिवसभर कापड तपासायचं, कापायचं आणि घडी घालायची. चिंध्या कुणी मुद्दाम पाडत नाही, तरी संध्याकाळी पोतं भरतं. किश्शांचंही तसंच आहे. आम्ही आपले नुसते जेवायला बसतो.

जेवणारे आम्ही चौघं. एकनाथभाऊ म्हणजे आमच्या खात्याचे मास्तर, खानदेशातल्या शिरपूरकडचे. जयेशभाई डिस्पॅचला, अस्सल सुरती. विलास लॅबमध्ये, वर्ध्याचा, हँगरला शर्ट अडकवल्यासारखी अंगकाठी. आणि मी, लातूरची, चेकिंग टेबलवर. कापडावरचे डाग शोधायचे, एवढंच माझं काम. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या या डाइंग मिलमध्ये अठरा वर्षं झाली.

आमच्याकडे डबा कुणाचाच नसतो. चारही डबे मध्ये उघडायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांतलं खायचं. भाऊंना तर एकट्याने जेवताच येत नाही. कुणी रजेवर असलं तरी विचारणार, "तो जेवना का?"

तर एक दिवस भाऊ डबा न उघडता म्हणाले, "माले नऊ किलो उतारनं शे."

मंगलावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. भाऊंची किडनी जुळली होती, पण डॉक्टरांनी सांगितलं, "आधी नऊ किलो कमी करा, मग पुढचं बघू."

मग जयेशभाई म्हणाले, "एकनाथभाई, तमे एकला डाएट करशो तो अमे शुं जोया करीशुं?"

एकाला वजन उतरवायचं म्हणून चार घरांचा मेनू बदलला!

*

आठवड्याचा तक्ता केला कापडाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. सोमवार दुधी, मंगळवार मूग, बुधवार पालक. भाकरी मात्र, कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या, रोज चौघांसाठी मंगलावहिनींकडूनच येतील, असा निरोप आला. आम्ही म्हटलं, त्यांना त्रास कशाला? उत्तर आलं, "माले काय झाये? हात चालतस ना?" मग कुणाची टाप नव्हती.

गुरुवारी जयेशभाईंकडून काय येणार, यावर अर्धा तास वाद झाला. सुरती माणूस डाएटला घरचा अपमान समजतो. 'सुरतनुं जमण, काशीनुं मरण' ही इथली म्हण; जेवण थेट काशीच्या मरणाशेजारी नेऊन बसवणाऱ्याला उकडलेल्या भाज्या कशा सांगायच्या?

शेवटी तेच तक्त्याकडे बोट करून म्हणाले, "लखो. गुरुवारे सलाड."

गुरुवारी सलाड आलं. वर शेव होती. शेवेखाली खमण. काकडी शोधायला विलासला चष्मा लावावा लागला!

मी म्हटलं, "जयेशभाई, हे सलाड?"

"बेन, कोथमीर छे ने उपर."

*

वजन दर सोमवारी. घरच्या काट्यावर भाऊंचा विश्वास नव्हता. मिलचा गाठींचा मोठा काटा आहे, व्यापारी त्यावर भांडत नाहीत, म्हणजे तो खराच. पहिल्या सोमवारी भाऊ त्यावर उभे राहिले. एकोणनव्वद. मी पुठ्ठ्यावर लिहिलं.

पण जयेशभाईंना दिवसभर काट्यावरचा आकडा गाडीसोबतच्या चलनावर उतरवायची सवय. त्यांनीही लिहिलं. नग एक, वजन एकोणनव्वद किलो. गाडी गेली.

संध्याकाळी मार्केटमधून माल घेणाऱ्या पार्टीचा फोन आला. एक नग कमी आलाय!

जयेशभाईंनी चलन पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि फोनवर शांतपणे सांगितलं, "ए नग हजु तैयार नथी. नऊ किलो ओछो करवानो छे."

*

विलास शास्त्रीय माणूस. त्याने मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने विचारलं, एक भाकरी किती ग्रॅम? आता हे कोण सांगणार?

आमच्या लॅबमध्ये कापडाचा गोल तुकडा कापायचा कटर असतो. तुकड्याच्या वजनावरून कापड किती जड आहे ते कळतं. विलासने त्या कटरने भाकरी कापली. खाली पांढरं कापड अंथरलं, वर भाकरी, गोल तुकडा काढला, वजन केलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. मॅनेजर मागे उभे होते.

"ही कुठली क्वालिटी?"

"सर, कळण्याची," विलास म्हणाला.

मॅनेजरांनी तुकडा बोटांनी चोळला, उजेडात धरला आणि म्हणाले, "फिनिश अच्छा है. सॉफ्ट है."

खरंच मऊ होती! सकाळी केलेली भाकरी दुपारी एकला इतकी मऊ राहत नाही. आमच्याकडच्या भाकरीने अकरा वाजताच पापड व्हायचं ठरवलेलं असतं. वहिनींच्या हाताला गुण आहे, असं आम्ही रोज म्हणायचो आणि आणखी अर्धी घ्यायचो.

*

मग आला चांदणी पडवा. त्या दिवशी सुरतेत घारी खातात. घारी म्हणजे मावा, सुकामेवा, आणि वरून गोठलेल्या तुपाचा थर. जयेशभाईंनी चार आणल्या. भाऊंनी हात जोडले.

"भाई, आजना दिवसे ना नहीं पडाय. सुरत छोडवुं पडे."

"मग शिरपूरले जासू," भाऊ म्हणाले, आणि मूग खाऊ लागले.

अठरा वर्षांत या माणसाने समोरच्या खाण्याला नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. भाऊंची घारी विलासने खाल्ली. माझी मीच खाल्ली, मला काही कुणाला किडनी द्यायची नव्हती.

*

तीन महिने झाले. दर सोमवारी आकडा थोडा थोडा चढत होता आणि आम्ही 'पुढच्या सोमवारी उतरेल' म्हणत होतो. भाऊ काट्यावर चढले. एक्क्याण्णव.

"काटो खराब छे," जयेशभाई म्हणाले आणि स्वतः चढले. चार किलो वाढले होते. मी चढले, तीन. मग आम्ही विलासला चढवलं. त्या हँगरला पोट आलं होतं!

मूग, दुधी आणि पालक खाऊन चार माणसं फुगली होती. कुणी हसलं नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जायचं होतं. भाऊ एका गाठीवर टेकले आणि म्हणाले, "मनंच काही चुकस व्हई."

मी लॅबमध्ये पाणी प्यायला गेले. कटरखालचं ते पांढरं कापड विलासने अजून तसंच ठेवलं होतं. भाकरी ठेवली होती तिथे वाटोळा डाग. मी उजेडात धरला. तेलाचे डाग शोधायचा पगार घेते मी! लांबून ओळखते, मशीनचा कुठला आणि हाताचा कुठला. हा तुपाचा होता. पीठ मळतानाच घातलेलं, म्हणून भाकरीला दिसत नव्हतं. आणि मी तीन महिने हाताचा गुण म्हणून ती खात होते.

*

रविवारी मी नवागामला भाऊंच्या खोलीवर गेले. कापड पिशवीत होतं. वहिनी भांडी घासत होत्या. हाताला डायलिसिसची पट्टी, ती पाण्यापासून वर धरलेली. मी कापड समोर धरलं.

त्यांनी डाग पाहिला आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

"वजन उतरनं का त्यासले कापतीन," त्या म्हणाल्या. "घरमा एक मानूस बिघडेल शे, तेवढं बस."

मला वाटलं होतं, मी चांगली रागावेन. वाटेत वाक्यंही तयार केली होती. मी कापडाची घडी घालून परत पिशवीत ठेवली.

भाऊ दारात उभे होते, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, आत आले, आणि तिच्याजवळ उकिडवे बसले.

"आनि मी काय करू?" ते म्हणाले. "एकलाच जेवू?"

वहिनी एकच ताटली घासत राहिल्या. मी चहा न घेता निघाले.

सोमवारी चार डबे उघडले. जयेशभाईंनी भाकरी मोडली, तर काडकन आवाज आला. त्यांनी घास घेतला आणि पाण्याची बाटली ओढली.

"आजे रोटलो आटलो कोरो केम?"

भाऊंनी भाकरी हातात घेतली. मग तिचे चार तुकडे केले आणि एकेक आमच्यापुढे ठेवला.

मी माझा तुकडा कापडाच्या पांढऱ्या चिंधीवर ठेवला, वरून तळहाताने दाबला आणि उचलला. चिंधी उजेडात धरली, उलटून पाहिली.

डाग नव्हता.