ओरत्तनाडूच्या रस्त्यावर आडवं ठेवलेलं मूल

बनियन पिवळे होते, तिथूनच सगळं सुरू झालं. तंजावूरला रंगीत टीव्हीचं नवं दुकान उघडलं होतं. मुलांच्या इस्पितळाच्या मदतीसाठी आमच्या कॉलेजनं मॅरेथॉन ठरवली, तेव्हा त्या दुकानानं बनियन दिले. ओरत्तनाडूपर्यंत पळायचं आणि परत येऊन इस्पितळाच्या फाटकाशी थांबायचं. देणग्यांतून धाप लागलेल्या बाळांसाठी प्राणवायूचं यंत्र यायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्राध्यापकांनी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत असे, तसंच याही वेळी म्हटलं.

मारीअम्मन देवीच्या उत्सवाचे दिवस होते. त्या दिवसांत पिवळं नेसून अनवाणी चालणारा माणूस नवसाचा, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. कॉलेजात मात्र ते कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. बाकीच्यांकडे बूट होते; मी अनवाणीच पळायचो. घरी अम्मानं, माझ्या आईनं, बनियन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"पिवळं घालून उगीच पळू नये रे," ती म्हणाली. "बघणारे काहीतरी मागतील."

पहिल्या गावापाशी दोन बायका कळश्या घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर हळदीचं पाणी ओतलं. बूटवाल्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या वर्गातला एक मित्र शेजारून पळत होता. नवसाच्या माणसाला इकडे सामी, म्हणजे देव, म्हणतात. तो हात जोडून म्हणाला, "सामी, गणितात तेवढं पास करा." आम्ही हसलो. पुढच्या गावात बायका जास्त होत्या, आणि त्या आधीपासूनच उभ्या होत्या. निरोप आमच्यापेक्षा जोरात पळत होता. मित्राच्या पोटरीत गोळा आला, तो मागे राहिला. कालवा कोरडा पडला होता, रस्ता तापत चालला होता. लोक फक्त माझ्या पायांकडे बघत होते. इथून मागे वळावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

ओरत्तनाडूहून परतताना एका वळणावर रस्त्यात काहीतरी आडवं दिसलं. जवळ गेलो तर टॉवेलवर निजवलेलं मूल. वर्षाचंही नसेल. शेजारी त्याची आई हात जोडून बसली होती. नवसाच्या माणसानं आजारी मुलाला ओलांडून जावं म्हणजे दुखणं उतरतं, अशी इकडे श्रद्धा आहे. मी लहानपणी हे पाहिलं होतं, पण तेव्हा मी बघणाऱ्यांत होतो.

मुलाच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. ओठ निळसर होते.

मी तिला सांगितलं की मी सामी नाही, कॉलेजात शिकतो; मागून आमची पाण्याची व्हॅन येते आहे, तिच्यात बस, इस्पितळात जा. ती जागची हलली नाही. शेजारणीचं मूल इस्पितळात नेलं ते परत आलं नाही, म्हणाली. तेवढ्यात व्हॅन आली. ड्रायव्हर उतरला, त्यानं मुलाकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन, धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "वाद घालू नकोस, तंबी. टाक पाय."

"ओलांडा, सामी," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल तिथे येते."

मी पाय उचलला. खाली मुलाचे डोळे उघडे होते. मी पलीकडे गेलो. तिनं मुलाला उचललं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. व्हॅन गेली, तिच्याबरोबर पिण्याचं पाणीही गेलं. उरलेला रस्ता मी कसा पळालो ते आठवत नाही. एकच आठवतं, मी मनात सारखं म्हणत होतो की ते पोचलेलं असू दे.

फाटकाशी कुणीतरी हार घातला. मी तसाच आत गेलो. वॉर्डात प्राणवायूचा एकच जुना सिलिंडर होता आणि त्याची नळी त्या मुलाच्या नाकाशी होती. ओठांचा निळेपणा गेला होता. आई मात्र कपड्यांचं गाठोडं बांधत होती.

"उतरलं," ती मला म्हणाली. "तुमच्या पायानं उतरलं. आता घरी नेते."

डॉक्टरीणबाई दमलेल्या दिसत होत्या. छातीत कफ भरलाय, त्या म्हणाल्या, नळी काढली तर संध्याकाळपर्यंत धाप परत लागेल, आणि मग काही करता येणार नाही. "ती माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

फुप्फुसं, औषध, मला येत होतं तेवढं सगळं मी तिला सांगितलं. ती गाठ मारत राहिली. मग मी बाहेर गेलो, फाटकाजवळच्या फूलवालीकडून दोरा आणि हळद मागून आणली, आणि हळद लावलेला दोरा मुलाच्या मनगटाला बांधला. अम्मनच्या उत्सवात असा दोरा बांधतात, त्याला काप्पु म्हणतात. काप्पु बांधला की तो सुटेपर्यंत वेस ओलांडायची नाही.

"या इस्पितळाचं फाटक ही वेस," मी म्हणालो. "डॉक्टरअम्मा दोरा सोडतील तेव्हाच बाहेर."

तिनं गाठोडं खाली ठेवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, पण ती माझ्याकडेच बघत होती.

"बांधणाऱ्यानंही ओलांडायची नसते, सामी."

मी राहिलो. अम्माला निरोप पाठवला, खाटेशेजारी जमिनीवर बसलो. मूल खोकलं की आई मुलाकडे न बघता माझ्याकडे बघायची. ते गेलं तर ही बाई काय करेल, याचा विचार मी टाळत होतो, पण दुसरा विचार येतच नव्हता.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि कात्रीनं दोरा कापला. बरगड्या शांत हलत होत्या. मी आईला म्हटलं, "यांनी वाचवलं. यांना नमस्कार कर." तिनं केला, आणि मग वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी मागे सरकलो. वॉर्डातल्या इतर बाया आपापल्या खाटांजवळ उठून उभ्या होत्या. प्रत्येकीनं फूलवालीकडून दोरा आणून ठेवला होता.