राजक्काच्या बाजूची भिंत

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, आणि देवासमोर तर नाहीच — तिथे मी हात जोडतो आणि चटकन मागे फिरतो. तुम्हाला सांगतोय, कारण कालपासून माझं डोकं फिरलंय. आणि ज्याच्या कानाखाली वाजवायची, तो मीच आहे.

इकडे कन्नड मुलखात पीण्या म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिच्या मागच्या अंगाला आमचं घर. स्वतः बांधलेलं — म्हणजे कंत्राटदार न नेमता, मेस्त्री आणून, मी समोर उभं राहून. एका कारखान्यात मी तपासनीस आहे. तयार माल मोजायचा, केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचा, हे माझं काम. त्यामुळे मोजमापात आपला हात धरणारा कोणी नाही, ही घमेंड. बायकोचा भाऊ सिव्हिल इंजिनिअर. बिचारा म्हणाला, दाजी, रविवारी येऊन बघत जाईन. मी म्हटलं, काही गरज नाही. वरच्या मजल्याला मेस्त्री ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघणार होता, तर त्यालाही थांबवलं. दोरी मी ओढलीय ना? मग चल त्या दोरीनं. मालकापुढे कोण बोलणार?

शेजारी राजक्का राहायची. एकटी, आईच्याच वयाची. आमची आई निपाणीची, कन्नड तिला येतं, पण इथे आल्यापासून बोलायला माणूस नव्हतं. राजक्का भेटली आणि आई बदललीच. दोघी एकमेकींना अक्काच म्हणायच्या. अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत आमच्या वाळूच्या ढिगावर बसून दोघी शेंगा सोलायच्या आणि काय एवढं हसायच्या कोण जाणे. आणि भिंतींना पाणी कुणाच्या बोअरचं मारलं? तिच्याच. तीच सकाळी पाइप आमच्याकडे टाकायची. आठवण सुद्धा करून द्यावी लागली नाही कधी.

सांगतो, थांबा. जरा दमानं सांगू द्या.

बाहेरचा गिलावा तीन बाजूंनी झाला. समोर दगडी टाइल्स लागल्या. राहिली राजक्काच्या बाजूची भिंत. ती आमच्या हद्दीवरच उभी, म्हणजे परांची बांधायची तर तिच्या अंगणात. आई म्हणाली, जा, विचारून ये. विचारायचं तरी काय होतं? ती नाही म्हणणार होती का?

जाण्याआधी मी गच्चीवर गेलो आणि स्वतः ओळंबा सोडला. का सोडला? माहीत नाही. भिंत तीन बोटं बाहेर होती. वरच्या अंगाला तीन बोटं, राजक्काच्या अंगणाकडे कललेली.

माझी भिंत! केसाएवढ्या फरकासाठी दुसऱ्यांचा माल फेकून देणाऱ्याची! गिलावा करायचा म्हटलं की मेस्त्री ओळंबा सोडणार. चार कामगारांसमोर बोलणार. मेहुणा ऐकणार, कारखान्यातले घर बघून गेलेले लोक ऐकणार. मी जिना उतरलो, राजक्काच्या फाटकापर्यंत गेलो, तिथे थोडा वेळ उभा राहिलो — आणि परत आलो.

आईला सांगितलं, ती नाही म्हणाली. माझ्या जागेत बांबू रोवायचे नाहीत, असं म्हणाली.

हे घ्या. एवढंच आहे ते. दोन वाक्यं.

"राजक्का असं म्हणाली?" आईनं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. आई रागावली असती, मेहुणा हसला असता, दुपारपर्यंत सगळं मिटलं असतं. त्या दिवशी राजक्काचा एक डबा आमच्याकडे होता. कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, असं आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं तो डबा घासला, पुसला आणि रिकामा पाठवून दिला. बायको देऊन आली. मी बघत होतो.

राजक्का गप्प बसणारी नव्हती. आठवड्यानं तिनं मला रस्त्यात गाठलं. "अण्णा, कुंड्या काढून ठेवल्यात मी. प्लॅस्टर यावाग?" कधी, म्हणून. आणि अक्का का बोलत नाही? मी म्हटलं, मेस्त्री गावाला गेलाय. आणि आईचं मनावर घेऊ नका, वयामुळे हल्ली कुणाशी नीट वागत नाही. माझ्या आईबद्दल — जी इतकी शहाणी आहे की अजून माझ्या शर्टाची बटणं तीच लावते — तिच्याबद्दल मी हे बोललो. राजक्काचे डोळे भरले. "सरी," म्हणाली, म्हणजे बरं, आणि गेली.

आठ वर्षं. आठ वर्षं ती भिंत उघडी राहिली. पावसाळ्यात पाणी पीत राहिली, आणि भिंतीच्या आत खोली कुणाची? आईची. पोपडे निघाले, गादीला वास यायचा, आईचा खोकला जाईना. खोकून झालं की ती राजक्काला शिव्या घालायची. मी शेजारी बसून पाठ चोळून द्यायचो. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मला त्या लोकांचा संताप यायचा. आईचाही यायचा, खोटं कशाला सांगू — एवढा विश्वास कशाला ठेवायचा माणसानं? एकदा तरी स्वतः जाऊन विचारावं की नाही! म्हणजे बघा, माझ्या खोटेपणाचा दोषही मी तिच्याच पदरात टाकत होतो.

यंदा उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, राजक्का गेली. आई अंगणापर्यंतही आली नाही. मी खांदा दिला.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी फाटकाशी आली. म्हणाली, "अम्मा सारखी म्हणायची, त्यांची ही बाजू राहिलीय. तुम्ही परांची बांधा, आमची काही हरकत नाही." मेस्त्री आला. त्यानं ओळंबा सोडला. त्यानं एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "स्वल्प बाहेर आहे सार. सगळ्यांचीच असते. गिलाव्यात जाईल."

गिलाव्यात गेली. तीन दिवसांत काम झालं.

काल आई काठी टेकत त्या बाजूला गेली. ओल्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी चांगली आहे रे. आईवर गेली नाही."

मी हो म्हणालो.